आत्याचं सहस्रचंद्रदर्शन: उत्सवमूर्तीच्या पानात वाढायचं काय?

सड्यावरची

मार्गशीर्षात आमच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. गाव राजापूर तालुक्यात, कार्यक्रम घरच्याच खळ्यात, माणसं साठ-सत्तर. भटजी ठरले, मांडव ठरला, आचारी ठरला. आचाऱ्याने त्याची नेहमीची यादी पाठवली: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, भजी, जिलबी, मठ्ठा, वर श्रीखंड. यादी वाचली आणि लक्षात आलं की यातलं जवळजवळ काहीच आत्याला चालत नाही. कवळी आहे, मधुमेहाची गोळी आहे, रक्तदाब आहे. शिवाय वर्षभरात बरीच उतरली आहे, बांगड्या कोपरापर्यंत वर जातात. घरात विचारलं तर एकच उत्तर: "वय झालं, आता आहार कमीच व्हायचा."

म्हणजे जिच्यासाठी जेवणावळ, तिच्या पानात वरणभात आणि बाकीचे जिलबीवर ताव मारणार. मला हे पटत नाहीये. सगळ्यांनाच आवडेल आणि तिलाही खाता येईल असा बेत जमेल का?

दुसरा प्रश्न सत्काराचा. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. उभी नोकरी एकशिक्षकी नाहीतर दोनशिक्षकी शाळांत, त्यातल्या बऱ्याचशा सड्यापलीकडच्या वाड्यांवर, पावसाळ्यात पऱ्ह्या ओलांडून जायचं. निवृत्तीनंतर सत्तरी जवळ आली असताना मोडी शिकली. आता पंचक्रोशीतली माणसं जुने कागद घेऊन तिच्याकडे येतात: देवस्थानचे, वाटण्यांचे, गहाणखतांचे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा तर ओटी माणसांनी भरलेली असायची. तर हे सगळं शाल-श्रीफळ आणि "मातृहृदयी" छापाच्या मानपत्रात गुंडाळून टाकायचं नाहीये. जाणकारांनी सुचवा.

अवांतरराव

मेनू सुचवणारे येतीलच, मी माझ्या नावाला जागतो. हजार पौर्णिमांचं गणित: एक चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. हजार चांद्रमास म्हणजे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण १० महिने. बारा महिन्यांना बारा पौर्णिमा धरल्या तर ८३ वर्षं ४ महिने येतात. मधली अडीच वर्षं अधिक महिन्यांनी वाचवली. आत्याबाईंची जन्मतारीख बघून घ्या, बरेच लोक ऐंशी पूर्ण झाली की उरकून टाकतात आणि चंद्र दहा कमी पडतात.

तिखटमीठ

अवांतरराव, धन्यवाद, आता चंद्र मोजत बसा. :)

सड्यावरची, कोकणात बसून पुरी-बटाटा-श्रीखंड कशाला? तुमच्याकडचं अर्धं पारंपरिक जेवण कवळीवाल्यांसाठीच केल्यासारखं आहे. वालाचं बिरडं ठेवा, व्यवस्थित शिजलं की जिभेने चेपता येतं. अळूचं फतफतं, त्यात चणाडाळ आणि शेंगदाणे (तिच्या वाटीत शेंगदाणे कुटून). कुळथाची पिठी. मऊ गुरगुट्या भात आणि मेतकूट. कोशिंबिरीत काकडी चोचवण्याऐवजी किसून, दह्यात कालवून. गावात कोणाची गाय-म्हैस व्यायली असेल तर गोडाला खरवस. जिलबीवाला आचारी रुसेल, पण पाहुणे वर्षभर नाव काढतील.

पथ्यपाणी

आहारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी त्या "वय झालं" बद्दल. वय झालं की उष्मांकांची गरज कमी होते हे खरं, कारण हालचाल कमी होते. पण प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट वाढते. म्हाताऱ्या शरीराला तेवढ्याच प्रथिनातून स्नायू बांधायला तरुणापेक्षा जास्त कष्ट पडतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रौढांसाठीची शिफारस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची आहे. ज्येष्ठांसाठी जगभरातले बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. आत्यांचं वजन ४८ किलो धरलं तर रोज ४८ ते ५८ ग्रॅम झालं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.)

आता आपल्या घरातल्या आजीचा दिवस बघा. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी मूठभर भात, पातळ वरण, दोन चमचे भाजी. चार वाजता चहा-बटर. रात्री "भूक नाही" म्हणून दूधभात नाहीतर ताकभात. मोजलं तर पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्मं. पोट भरतं, ताट रिकामं दिसतं, घरच्यांना वाटतं जेवली. आणि दंड, मांड्या झिजत जातात. मग एक दिवस न्हाणीघरातून उठता येत नाही.

यावर महागडे डबे आणायची गरज नाही. ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण म्हणजे सहा-सात ग्रॅम. एक अंडं सहा ग्रॅम. पेलाभर दूध तेवढंच. १०० ग्रॅम बांगडा किंवा तारली वीसच्या आसपास, वर ड जीवनसत्त्व. पातळ वरणाचं घट्ट वरण केलं, टोस्टच्या जागी मुगाचं धिरडं किंवा अंडं आलं, दुपारच्या दुसऱ्या चहाच्या जागी नाचणीची आंबील ताक घालून आली, की बरंच अंतर कापलं जातं. हे तिन्ही वेळांना वाटून हवं, एकदम रात्री नको.

नाचणीबद्दल एक. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असतं म्हणून ती द्यावीच, पण वस्त्रगाळ सत्त्व करताना चोथा टाकून देतात. बद्धकोष्ठाची तक्रार असेल तर पीठच वापरा. आणि साबुदाणा पचायला हलका म्हणून आजारी माणसाला देतात, त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं.

वर्षभरात मुद्दाम न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर त्याला वय म्हणायचं नाही, तपासायचं. बी-१२ बघाच. वयानुसार जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी खाली जातं. कवळीही बघा. वजन उतरलं की हिरड्याही बसतात, कवळी सैल होते, मग माणूस चावायचं टाळतो आणि आणखी उतरतो.

लालकंदील

मी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, असो. वय अठ्ठ्याहत्तर. हा धागा वाचतोय आणि सगळे माझ्याच पानाबद्दल माझ्या डोक्यावरून बोलताहेत असं वाटतंय.

पथ्यपाणी ताईंचं ज्ञान मोलाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इथे कोणी आत्याबाईंना विचारलं का, त्यांना काय खावंसं वाटतंय? साठी झाली की आमच्या ताटात इतर लोक हात घालू लागतात. मीठ कमी, साखर बंद, लोणचं लपवून. सून चांगली आहे, डॉक्टर चांगला आहे, सगळे चांगले आहेत, फक्त जेवण बेचव आहे. माणूस कमी जेवतो त्याचं एक कारण हेही असतं की ते खावंसंच वाटत नाही. आणि एकट्याने गिळायचं असतं. घरातले सगळे आपापल्या वेळेला.

एक जिलबी खाऊन कोणी मरत नाही. ऐंशी वर्षं काढलेल्या बाईला तेवढं कळतं.

तिखटमीठ

काका, शंभर टक्के अनुमोदन. बेचवपणावर एक उपाय आहे. मीठ कमी केलं की आंबट आणि तिखट वासाची बाजू वाढवायची: लसूण, आलं, आमसूल, लिंबू, ओवा, तिरफळ. जिभेला मिठाची आठवण कमी येते.

नाडीपरीक्षा

लालकंदील काका, जिलबीला माझी हरकत नाही. माझी काळजी जिलबीच्या आधीच्या चार तासांची आहे.

दवाखान्यात दर लग्नसराईत दिसणारा प्रकार सांगतो. शांत, होम, सत्कार, काहीही असो, उत्सवमूर्ती पहाटे उठते, अंघोळ, चहा, "पूजा होईपर्यंत काही खायचं नाही". पण सकाळची मधुमेहाची गोळी मात्र शिस्तीत घेतलेली असते. गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडच्या जातीची असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर पूर्णाहुती लांबली की साखर धाडकन खाली येते. घाम, हातापायाला थरथर, असंबद्ध बोलणं. मांडवात लोकांना वाटतं, धुराने झालं, नाहीतर भरून आलं. म्हाताऱ्या माणसात नुसता गोंधळलेपणाच दिसतो, बाकी काही नाही.

तेव्हा त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारून ठेवा. भटजींना विचारा, फराळ करून बसलेलं चालतं का. बहुतेक भटजी वयस्कर यजमानाला हो म्हणतात, विचारतच कोणी नाही. सोबतच्या माणसाच्या खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर हवी. लक्षणं दिसली आणि माणूस शुद्धीवर, गिळू शकणारा असला तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची, मग खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, गाडी काढायची.

तिखटमीठ यांच्या मिठाच्या सल्ल्याला एक पुरवणी. बाजारात "कमी सोडियम" म्हणून मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडं नाजूक असतील किंवा रक्तदाबाला टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या असतील तर विचारल्याशिवाय ते वापरू नका. साधंच मीठ, पण कमी.

आणि तहान. या वयात तहानेची जाणीव बोथट होते. मांडवात त्यांना पाणी मागायची वेळ येऊ देऊ नका. बायका तर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण सारखं उठायला लागेल आणि संडास मांडवापासून लांब.

सड्यावरची

नाडीपरीक्षा, हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. भटजींशी बोलले. म्हणाले, "वहिनींनी पेज घेऊन बसावं, शास्त्र माणसासाठी आहे." शिवाय खुर्चीवर बसून संकल्प चालेल म्हणाले. आणि होमकुंड वारा खळ्याबाहेर जातो त्या बाजूला घेतलंय, धूर तिच्याकडे येणार नाही.

लालकंदील काका, तुमचं वाचून त्याच रात्री आत्याला फोन केला. तिचं उत्तर जसंच्या तसं देते: "तुला-बिला करू नका, मला काट्यावर बसवलंत तर उठून जाईन. पिठी करा. आणि मला पंगतीत बसायचंय, आधी एकटीला नको वाढू." जिलबीबद्दल विचारलं तर म्हणाली, आचाऱ्याची नको, ती तेलकट असते. खरवस असला तर दोन वड्या खाईन, डॉक्टरला सांगायची गरज नाही.

फुजीचा_शेजारी

बरीच वर्षं जपानात आहे, इथलं थोडं सांगतो. सप्टेंबरचा तिसरा सोमवार ज्येष्ठांच्या सन्मानाची राष्ट्रीय सुट्टी. त्या वर्षी शंभरी गाठणाऱ्यांना पंतप्रधानांकडून साकेचा चांदीचा पेला जातो. १९६३ मध्ये सुरू झालं तेव्हा शंभरीचे लोक दोनशेही नव्हते. पुढे आकडा हजारोंत गेला आणि २०१६ पासून पेला चांदीचा मुलामा दिलेला झाला.

पण मला जास्त आवडते ती '८०२०' मोहीम. १९८९ पासून चालू आहे: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात शिल्लक असावेत. वीस दात असले की बहुतेक सगळं चावून खाता येतं, हा त्यामागचा हिशेब. सुरुवातीला दहातल्या एकालाही ते जमत नव्हतं, २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांना जमलं. ठिकठिकाणी असे दातवाले आजी-आजोबा बोलावून त्यांचा सत्कार करतात. कडक तांदळाची बिस्किटं कडाकड खाऊन दाखवणारे आजोबा पाहिलेत मी.

अवांतरराव

आपल्याकडे पंचाहत्तरी झाली की एसटीचा प्रवास फुकट होतो, २०२२ पासून. हा सत्कार मला सगळ्यात आवडतो. हार नाही, भाषण नाही, आधार कार्ड दाखवा आणि राजापूर गाठा.

मुरबाडी

सत्काराबद्दल लिहितो. आमच्या तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा आठवते का? २०१६ च्या महिला दिनाला सुरू झाली. साठ ते नव्वदच्या आज्या, गुलाबी नऊवारीचा गणवेश, पाठीला दप्तर. जिल्हा परिषदेच्याच एका शिक्षकाची कल्पना. त्या शाळेत आज्यांचा गौरव म्हणून काही वेगळं करायला लागलं नाही. अंगठ्याच्या जागी सही आली, हाच गौरव.

तुमच्या आत्याबाई शिकवणाऱ्या आहेत. त्यांना स्टेजवर बसवून दोन तास गप्प ठेवण्यापेक्षा मोडीच शिकवायला सांगा! खळ्यात एक फळा ठेवा, आल्यागेल्याला स्वतःचं नाव मोडीत लिहून देतील.

तिखटमीठ

मुरबाडी, कसली भारी कल्पना आहे ही!

वर कोणी तरी मन कौर यांचं नाव घेईल असं वाटलं होतं, मीच घेते. त्र्याण्णवाव्या वर्षी धावायला लागल्या, २०१७ मध्ये ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०१ व्या वर्षी शंभर मीटरचं सुवर्ण. आणि आपले महर्षी कर्वे, १९५८ ला भारतरत्न मिळालं तेव्हा शंभरीचे.

लालकंदील

त्या माउलींना दंडवत. पण अशी उदाहरणं पाहिली की माझे गुडघे मला नापास वाटायला लागतात. शंभराव्या वर्षी धावलं तरच कौतुक, असं होऊ नये. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला वाढदिवस असतात. गुलाबाचं फूल, वेफर, पेढा, सामोसा. आणि मग मधुमेहावर व्याख्यान! मी दोनदा म्हटलं, सामोशाच्या जागी इडली ठेवा, उकडलेले हरभरे ठेवा. समिती म्हणते, "लोकांना आवडत नाही." लोकांना विचारलं कोणी?

मानपत्राबद्दल मुलीला माझी सूचना: छोटं लिहा. ज्यांचं असतं त्यांना अर्धं ऐकू येत नाही, माईक शिट्ट्या मारत असतो. "ज्ञानदानाचं पवित्र कार्य" लिहू नका. कुठल्या वाडीची शाळा, कोणत्या पऱ्ह्यावरून जायच्या, कोणाला चौथीच्या परीक्षेला बसवलं, ते लिहा. मला निरोप दिला तेव्हा भाषणात कोणी तरी माझ्या गाडीचा नंबर बरोबर सांगितला होता. बाकी काय बोलले ते आठवत नाही.

पथ्यपाणी

काका, तुमच्या समितीत मला व्याख्यानाला बोलवा, मी इडली घेऊन येते.

एक राहिलं. प्रथिनं पोटात गेली तरी हालचाल नसेल तर स्नायूंना निरोप पोचत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, जमेल तितक्या वेळा, कोणी तरी शेजारी उभं राहून. धावायची गरज नाही.

सड्यावरची

कार्यक्रम झाला! सगळ्यांना वृत्तांत द्यायलाच हवा.

आत्या पेज आणि अंडं खाऊन संकल्पाला बसली (अंड्याचं भटजींना सांगितलं नाही). गोळी डॉक्टरांनी त्या दिवशी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली होती. पंगतीत मऊ भात, पिठी, बिरडं, फतफतं, घावन, किसलेल्या काकडीची कोशिंबीर, सोलकढी आणि खरवस. पुऱ्या आचाऱ्याने हट्टाने केल्याच, त्या तरुण मंडळींनी संपवल्या. पण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मागितली गेली ती पिठी. आत्याने खरवसाच्या दोन म्हणून तीन वड्या खाल्ल्या आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

फळा ठेवला होता. पहिल्यांदा पोरं आली, मग त्यांचे आईबाप, मग तिचे जुने विद्यार्थी, त्यातले काही स्वतःच साठीपार. एकाने नाव मोडीत लिहिलं आणि आत्या म्हणाली, "वेलांटी चुकली, पुन्हा लिही." तो पुन्हा लिहायला लागला. मानपत्र एका पानाचं केलं, शाळांची आणि वाड्यांची नावं क्रमाने. वाचताना तिनेच मध्ये थांबवून एका वाडीचं नाव दुरुस्त केलं.

वजनाचं: रक्ततपासणीत बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झालीत. कवळी नवीन बसवायची आहे. सकाळच्या टोस्टची जागा अंड्याने घेतली, पण चार वाजताचं बटर सोडायला ती तयार नाही.

अवांतरराव

चंद्र पुरे झाले होते ना?

सड्यावरची

हजार आणि वर दोन. मोजून घेतले, तुमच्या भीतीने.

फुजीचा_शेजारी

पिठीची कृती द्या हो. इथे भारतीय दुकानात कुळीथ मिळतात, पीठ मिळत नाही.

सड्यावरची

आत्याने सांगितली ती लिहिते. कुळीथ खमंग भाजून, भरडून, साल पाखडून मग दळायचे. चार माणसांना पाऊण वाटी पीठ. ते आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून ठेवायचं. तेलात भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग तीन-साडेतीन वाट्या पाणी. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्याने ढवळायचं, मीठ, दोन-तीन आमसुलं, आणि मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत शिजू द्यायचं. निवली की घट्ट होते, म्हणून पातळच उतरवायची. लसूण ठेचायची, चिरायची नाही, हे तिने दोनदा बजावलंय.